पोटावरच्या पिशवीचा हिशेब

आतड्याच्या ऑपरेशनसाठी जव्हार-मोखाड्यातल्या घराने स्वतःचा पैसा घालायची वेळ आता येऊ नये. सरकारी रुग्णालयात ते मोफत होते, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलेल्या खासगी रुग्णालयातही मोफत होते. पैसा लागतो तो पेशंट घरी आल्यावर. पोटावर काढलेल्या वाटेला लावायची पिशवी विकत आणावी लागते. ती गळली की कातडी सोलते, कातडी सोलली की नवी पिशवी चिकटत नाही, आणि मग दुप्पट पिशव्या लागतात. त्यातच क्वचित कधी असे काही घडते की रात्रीची गाडी करून नाशिक गाठावे लागते. हा दुसरा खर्च डिस्चार्जच्या कागदावर कुणी लिहून देत नाही. तो आधीच माहीत असावा म्हणून हे लिहिले आहे.

सुरतेकडे निघालेल्या शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये जिथे मुक्काम केला आणि जव्हारच्या विक्रमशहा राजाने त्यांचे स्वागत केले असे सांगतात, ते शिरपामाळ जव्हारच्या जवळच आहे. पर्यटक तिथे येतात, पाहतात आणि परत जातात. आसपासच्या पाड्यांवर राहणाऱ्यांना मात्र तिथून अंतरे मोजावी लागतात: जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय जवळ, नाशिक मोखाडा-त्र्यंबकमार्गे सुमारे ८० किलोमीटर, मुंबई सुमारे १५०. पोटावरच्या वाटेला काही झाले तर पिशवी, औषध आणि ऑपरेशन यांपेक्षा हे अंतरच महाग पडते.

या वाटेला डॉक्टर स्टोमा म्हणतात. लहान आतड्यातून काढली तर इलिओस्टॉमी, मोठ्या आतड्यातून काढली तर कोलोस्टॉमी. आपल्याकडे ती काढायची कारणे ठरलेली आहेत: टायफॉइडने आतड्याला पडलेले भोक, आतड्याचा क्षय, आतड्याला बसलेला पीळ, अपघात, गुदाशयाचा कर्करोग, किंवा शौचाची जागाच नसलेले नवजात बाळ. यातल्या पुष्कळ वाटा तात्पुरत्या असतात. दोन-तीन महिन्यांनी दुसरे ऑपरेशन करून त्या बंद करता येतात. आपली वाट कायमची की तात्पुरती, आणि लहान आतड्याची की मोठ्या, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारून उत्तरे कागदावर लिहून घ्या. पुढचा सगळा हिशेब या दोन उत्तरांवर ठरतो.

रोजचा खर्च

पिशव्या दोन तऱ्हेच्या मिळतात. एकसंध पिशवीत चिकटणारी चकती आणि पिशवी एकच असते. दोन भागांच्या पिशवीत चकती पोटावर राहते आणि पिशवी तिच्यावर बसवतात, काढतात, धुतात. शहरातल्या सर्जिकल दुकानात चांगल्या कंपनीची एकसंध पिशवी ढोबळमानाने १५० ते ३५० रुपयांना पडते. दोन भागांतली एकटी चकती ३०० ते ४५० आणि तिची पिशवी १५० ते २५० रुपयांपर्यंत जाते. चकतीभोवतीच्या फटी बुजवायची पेस्ट ५०० ते ९०० रुपयांना, कातडीवरची पावडर जवळपास तेवढ्यालाच. कंपनी, माप आणि गाव बदलले की भाव बदलतो. छापील किमतीपेक्षा कमीत मिळते का हे विचारायला संकोचू नका, बरीच दुकाने सूट देतात.

आता महिन्याचा हिशेब मांडू. लहान आतड्याच्या वाटेला एकसंध पिशवी दर तीन दिवसांनी बदलली तर महिन्याला १० लागतात. २५० रुपये दराने २,५०० झाले. पेस्ट आणि पावडर थोडी थोडी वापरली तरी महिन्यावर चार-पाचशे येतात. म्हणजे ३,००० रुपये महिना, आणि वाट बंद होईपर्यंतच्या तीन महिन्यांचे ९,०००. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. ९,००० रुपये म्हणजे त्या कामाचे २९ दिवस. पिशवी गळू लागली आणि रोज बदलावी लागली, तर नुसत्या पिशव्यांचेच महिन्याला ७,५०० होतात. म्हणून गळती थांबवणे हीच इथली सर्वांत मोठी बचत.

गळतीचे सर्वांत सामान्य कारण चुकीच्या मापाचे भोक. चकतीतले भोक वाटेपेक्षा फक्त २ ते ३ मिलिमीटर मोठे असावे. त्याहून मोठे असेल तर उघड्या कातडीवर पाचकरस सांडतो, त्याहून लहान असेल तर कडेला घासून वाट दुखावते. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे वाट आक्रसत जाते. पहिल्या आठवड्यात कापलेले माप दुसऱ्या महिन्यात मोठे ठरते. पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर दर आठवड्याला वाटेची कड आखून घ्या आणि त्या मापाने चकती कापा. तयार भोकाची पिशवी या काळात अजिबात घेऊ नका, आणि एका वेळी एका डब्यापेक्षा जास्त मालही भरू नका.

साध्या प्लास्टिकच्या पिशव्या, रबरी कडे आणि पट्ट्यासह, फार स्वस्तात मिळतात. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूची वाट असेल आणि शौच घट्ट होत असेल, तर त्यावर निभावता येते. लहान आतड्याच्या वाटेला मात्र ती पिशवी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वाटेतून येणारा पातळ मळ कातडी अक्षरशः पचवतो. आठ दिवसांत कातडी लाल होऊन पाझरू लागते आणि मग कोणतीच पिशवी टिकत नाही. त्या वेळी वाचवलेले दोनशे रुपये पुढे दोन हजारांना पडतात.

आणखी काही गोष्टी दुकानदार सांगत नाही. पिशवी तिसरा हिस्सा ते अर्धी भरली की रिकामी करा, वजनाने चकती सुटते. अंगावर असताना पिशवी आतून पाण्याने खळबळून धुता येते, पण एकदा सोललेली चकती पुन्हा चिकटवू नका. खोबरेल तेल, डेटॉल, साबणाचा फेस यातले काही कातडीवर राहिले तर चकती धरत नाही. साधे पाणी आणि कोरडे कापड पुरते. पत्र्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये चकतीचा चिकट थर वितळून खराब होतो, म्हणून डबा पत्र्याखाली, खिडकीत किंवा चुलीजवळ ठेवू नका. मोखाड्यात त्याच दिवसांत टँकरच्या पाण्यावर घर चालवावे लागते. तेव्हा धुण्यापेक्षा पुसण्यावर भर द्या, आणि पेशंटच्या पिण्याच्या पाण्यात काटकसर करू नका.

बाळाच्या कोलोस्टॉमीचा खर्च वेगळा आणि कमी असतो. पुष्कळ सर्जन बाळाला पिशवी लावायलाच सांगत नाहीत. वाटेभोवती झिंक ऑक्साइडचा मलम लावून मऊ धुतलेले सुती कापड बांधायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. मात्र बाळांमध्ये आतडे बाहेर घसरण्याचे प्रमाण जास्त असते. बाळ फार रडते आहे आणि वाट लांब झाली आहे असे दिसले तर त्याच दिवशी दाखवा.

पैशाआधी जीव घेणारी गोष्ट

दुर्मिळ गुंतागुंतींकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती दुर्मिळ नाही, पण पाड्यावर तीच सर्वांत घातक. लहान आतड्याच्या वाटेतून पाणी आणि मीठ सतत जात असते. एरवी दिवसाला अर्धा ते एक लिटर. दीड लिटरच्या वर गेले की शरीर कोरडे पडू लागते आणि मूत्रपिंडांवर आघात होतो. मोजायला एक लिटरची रिकामी बाटली पुरे: पिशवी तिच्यात रिकामी करा आणि दिवसभरात बाटली किती वेळा भरली ते पाहा.

अशा वेळी नुसते पाणी जास्त प्यायल्याने नुकसान होते. बिनमिठाचे पाणी आतड्यातून आणखी मीठ ओढून बाहेर नेते. कोरा चहा आणि बाटलीतली गोड पेयेही तसेच करतात. ओआरएस द्या. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात आणि लहान पाकीट २०० मिलिलिटर म्हणजे एका पेल्यात, यात गफलत करू नका. आशाताईंकडे आणि उपकेंद्रात ही पाकिटे मोफत मिळतात. मीठ घातलेली भाताची पेज आणि नागलीची आंबील दोन्ही उपयोगी, भाताने मळ घट्टही होतो. लघवी कमी आणि गडद झाली, पायांत गोळे आले, उठताना अंधारी आली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन सलाइन लावून घ्या. रक्तातले क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगा. हे सगळे मोफत होते. उशीर झाला तर डायलिसिसपर्यंत गोष्ट जाते, आणि डायलिसिस मोफत असले तरी प्रत्येक वेळी गाडीभाडे आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी मोफत नसते.

क्वचित घडणाऱ्या, पण ओळखायलाच हव्यात अशा गोष्टी

निरोगी वाट ओलसर आणि तोंडाच्या आतल्या बाजूसारखी तांबूस-लाल असते. तिला हात लावला तर दुखत नाही, कारण तिथे वेदनेच्या नसा नसतात. रोज पिशवी रिकामी करताना रंग पाहायची सवय लावा. वाट जांभळी, काळपट किंवा अगदी फिकट झाली तर तिचा रक्तपुरवठा तुटतो आहे. हे बहुधा ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत, रुग्णालयातच घडते. म्हणून सुट्टी घेण्याआधी वाटेचा रंग डॉक्टरांसोबत स्वतः पाहून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे काही बिनसले तर तो फोटो कामाला येईल.

वाटेच्या कडेने आतड्याचे वेटोळे बाहेर येणे ही फार क्वचित घडणारी, पण अंगावर काटा आणणारी गोष्ट. टाके सुटले, फार खोकला झाला किंवा जड ओझे उचलले की ती घडू शकते. बाहेर आलेले आतडे आत ढकलू नका. पेशंटला गुडघे दुमडून उताणे निजवा. सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने भिजवलेले स्वच्छ कापड आतड्यावर ठेवा आणि वर प्लास्टिक झाका, म्हणजे ते सुकणार नाही. काही खायला-प्यायला देऊ नका आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. पाड्यापर्यंत रस्ता नसेल आणि डोली करावी लागणार असेल, तर डोली निघायच्या आधीच १०८ ला फोन करून कोणत्या रस्त्यावर, कोणत्या फाट्यावर थांबायचे ते सांगा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि तिला एकही पैसा द्यावा लागत नाही. गाडीवरच्या कुणी मागितला तर देऊ नका.

वाटच लांब होऊन बाहेर लोंबणे त्याहून जास्त वेळा दिसते आणि बहुतेकदा तेवढे गंभीर नसते. पेशंटला आडवे केले, थंड ओले कापड ठेवले की ती पुष्कळदा आपोआप आत जाते. लाल आणि मऊ असेल, मळही येत असेल, तर दोन-चार दिवसांत दाखवले तरी चालते. पण लांबलेली वाट सुजून कडक झाली, काळपट पडली, मळ थांबला किंवा पोटात कळा येऊ लागल्या, तर ती अडकली आहे आणि तासाभराचाही उशीर नको. रुग्णालयात कधी कधी अशा सुजलेल्या आतड्यावर साखर पसरतात. साखर सूज आलेल्या भागातले पाणी ओढून घेते आणि मग डॉक्टर हाताने आतडे आत बसवतात. अनेकदा त्यामुळे तातडीचे ऑपरेशन टळते. घरी हा प्रयोग करू नका. आतडे जिवंत आहे की मेले आहे हे पाहण्यासाठी डॉक्टरांचेच डोळे लागतात.

वाटेशेजारी पोट फुगणे म्हणजे हर्निया. तो मुळीच दुर्मिळ नाही. कायमच्या वाटेच्या कित्येक माणसांना वर्षानुवर्षांत तो होतोच. दुर्मिळ आहे ते त्या फुगवट्यात आतडे अडकणे, क्वचित पिळणे किंवा फुटणे. पिशवीत काहीच न येणे, पोट ताठ होणे आणि उलट्या, ही तिन्ही एकत्र दिसली तर घरी थांबू नका. अडथळ्याचे एक साधे कारणही असते आणि ते आपल्या हातात आहे. लहान आतड्याच्या वाटेत पहिले सहा ते आठ आठवडे करवंदे आणि जांभळे बियांसकट, बांबूचे कोंब, मका, सुके खोबरे, रेषेदार आंबा हे नको. नंतर थोडे थोडे, नीट चावून. ओझ्याच्या कामाला किमान सहा आठवडे, शक्यतो तीन महिने सुट्टी द्यावी. वीटभट्टीवर, भाताच्या भाऱ्यांत किंवा पाण्याचे हंडे वाहताना वाटेजवळच्या पोटावर पडणारा ताण बाहेरून दिसत नाही. लांबच्या विहिरीचा हंडा हेही ओझेच, म्हणून पेशंट घरातली बाई असेल तर तिची पाण्याची खेप दुसऱ्या कुणी उचलली पाहिजे.

रक्त येण्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवा. पुसताना चार थेंब आले तर घाबरण्याचे कारण नाही. पण वाटेच्या कडेतून लालभडक रक्त वाहू लागले, आणि पेशंटला दारूने किंवा जुन्या काविळीने यकृताचा आजार असेल, तर तिथल्या फुगलेल्या शिरा फुटलेल्या असू शकतात. आडवे करून स्वच्छ ओल्या कापडाने कडेवर दहा-पंधरा मिनिटे सलग दाबून धरा आणि गाडी बोलवा. सर्जन टाका घालून रक्त थांबवतो, मात्र यकृतावर उपचार झाले नाहीत तर रक्त पुन्हा येते. म्हणून यकृताच्या आजाराची माहिती आपणहून द्या, विचारेपर्यंत थांबू नका.

पोटाच्या कातडीवर पसरत जाणारा काळपट-जांभळा पट्टा, असह्य वेदना, घाण वास आणि ताप, कधी बोटाखाली करकर, हे सगळे मिळून पोटाच्या भिंतीतला सडवणारा जंतुसंसर्ग असू शकतो. तो तासागणिक पसरतो. मधुमेह असलेल्यांना धोका जास्त. इथे मलम, पाला, लेप कशानेही भागत नाही. सडलेला भाग कापूनच काढावा लागतो आणि जितक्या लवकर तितका जीव वाचण्याची शक्यता अधिक.

याच्या अगदी उलट एक आजार आहे, ज्यात कापल्याने बिघडते. वाटेशेजारी अतिशय दुखणारे, जांभळ्या कडांचे, न भरणारे व्रण पडतात. आतड्याच्या जुनाट दाहाच्या रुग्णांत ते जास्त दिसतात आणि पायोडर्मा गँग्रीनोसम या नावाने डॉक्टर ओळखतात. जंतुसंसर्ग समजून ते खरवडले तर आणखी पसरतात. उपचार स्टेरॉइडसारख्या औषधांचे असतात. चार आठवड्यांत न भरणारा व्रण कुणी साफ करू म्हणत असेल, तर आधी कातडीच्या डॉक्टरांचे मत घ्यायला सांगा. नाशिकच्या किंवा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात ते मत मिळते.

वाट खूप वर्षांची असेल आणि तिच्या कडेला न भरणारी गाठ किंवा फोड आला, तर तुकडा तपासून घ्यावा. अशा जागी फार क्वचित कर्करोग होतो, कधी कधी मूळ ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी.

आणि एक विनंती. वाटेत घरी काहीही घालू नका: एनिमाची नळी नको, औषधी मुळी नको, बोटही नको. आतडे पातळ असते, सहज फुटते. भगताकडे जायचे तर जा, त्यावर माझी हरकत नाही, पण वाटेला हात फक्त दवाखान्यातच लागू द्या.

कुठे जायचे, काय मोफत

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पहिला थांबा जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय. तिथे आतड्याचे मोठे ऑपरेशन होईलच असे नाही, पण सलाइन, रक्त तपासणी, वेदनाशामक, पोटात नळी आणि पुढची चिठ्ठी मिळते. चिठ्ठी आणि १०८ दोन्ही मिळाल्या तर पुढच्या रुग्णालयात खोळंबा कमी होतो.

महात्मा फुले योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. महाराष्ट्रातल्या सर्व कुटुंबांसाठी ही योजना आता खुली आहे, शिधापत्रिकेच्या रंगावरून कुणी परत पाठवू शकत नाही. वाट काढणे, तिची दुरुस्ती आणि ती बंद करणे ही ऑपरेशने तिच्यात बसतात. रुग्णालयात शिरल्याबरोबर योजनेच्या आरोग्यमित्राचे टेबल शोधा, आधार आणि शिधापत्रिका दाखवा. योजनेतल्या रुग्णालयाने औषध, टाके, पिशवी, काहीही बाहेरून आणायला सांगितले तर १५५३८८ वर फोन करा. कोणते रुग्णालय योजनेत आहे हेही याच क्रमांकावर विचारा. रुग्णालये योजनेत येतात आणि बाहेरही पडतात, म्हणून गाडी काढण्याआधी विचारणे बरे. सत्तरीच्या वरच्यांना आयुष्मान भारतचे वेगळे ५ लाखांचे कार्ड २०२४ पासून मिळते.

सिल्वासाचे विनोबा भावे रुग्णालय जव्हारकरांना जवळ पडते आणि पुष्कळ लोक तिकडे जातात. तिथे महाराष्ट्राची योजना चालत नाही, आयुष्मान भारतचे कार्ड मात्र देशभर चालते. कार्ड काढले नसेल तर ते आजारपणाची वाट न पाहता काढून ठेवा.

योजनेची एक मर्यादा आहे, आणि गाडी बहुतेक तिथेच अडते. घरी गेल्यानंतरची औषधे थोड्याच दिवसांपुरती मिळतात, आयुष्मान भारतमध्ये १५ दिवस. त्यानंतरच्या पिशव्या या योजनांत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे, त्यांत पोटावरची वाट नाही. म्हणजे त्या कारणाने दिव्यांग प्रमाणपत्रही मिळत नाही. हे मला अन्यायाचे वाटते. ज्या माणसाला जगण्यासाठी महिन्याला तीन हजारांची वस्तू लागते, त्याला ती वस्तू सरकारी औषधालयातून मिळायला हवी. निदान आदिवासी तालुक्यांत तरी.

तोपर्यंत मिळेल ते मिळवा. आतड्याचा क्षय असेल तर निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० ची १,००० झाली आहे. पैसे आले नाहीत तर क्षयरोग कर्मचाऱ्याकडून बँक खाते नोंदले आहे का ते पाहा. कर्करोग किंवा क्षयाने निराधार झालेल्यांना संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात, अर्ज तहसील कार्यालयात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी पूर्ण मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. मर्यादा वर्षाला अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार उत्पन्नाची. तातडीच्या पेशंटला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही, पण उत्पन्नाचा दाखला नंतर लागतोच, म्हणून तो आधी काढून ठेवा.

मुंबईला जावे लागले तर केईएम, सायन, नायर आणि जेजेमध्ये आतड्याचे सर्जन आहेत, बाळांसाठी परळचे वाडिया, कर्करोगासाठी टाटा. टाटा रुग्णालयात पिशवीचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे अर्धा तास बसून चकती कापायला शिकलेला माणूस पुढे महिन्याला हजार रुपये सहज वाचवतो. मुंबईतली ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही अशा रुग्णांचे काम करते. मुक्कामासाठी परळला नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्याची चिठ्ठी नेली तर काम सोपे होते.

प्रवासाचे म्हणाल तर एसटीच्या साध्या गाडीने नाशिकला एका माणसाचे भाडे दीडशे रुपयांच्या आसपास बसते. बायकांना निम्मे, ७५ वर्षांवरच्यांना काहीच नाही. खासगी जीप करून गेलात तर तीन हजारांच्या घरात जाते. हा फरक असूनही लोक तातडी नसताना जीप करतात, आणि याच फरकामुळे तातडी असताना एसटीची वाट पाहतात. काळी वाट, बाहेर आलेले वेटोळे, वाहते रक्त, पसरणारा काळा पट्टा, उलट्यांसह बंद पडलेली पिशवी, या पाचांना १०८. सोललेली कातडी, मऊ फुगवटा, आत जाणारी लांबलेली वाट, यांना एसटी आणि बाह्यरुग्ण विभाग.

वाट बंद करायची तारीख

तात्पुरती वाट बंद करायला गेलेच नाहीत, अशी माणसे पाड्यापाड्यांवर भेटतात. पहिले ऑपरेशन जीव वाचवायला झाले, दुसरे राहून गेले. लावणी आली, मग कापणी, मग दिवाळीनंतर भट्टीवर निघायची वेळ. दर महिना वाट तशीच राहिली की पिशवीचे तीन हजार जातात, हर्नियाचा धोका वाढतो, आणि लहान आतड्याच्या वाटेत मुतखडाही होऊ शकतो.

बहुतेक वेळा ८ ते १२ आठवड्यांनी वाट बंद करता येते. क्षय असेल तर गोळ्यांचा काही काळ झाल्यावर, कर्करोग असेल तर केमोथेरपीच्या वेळापत्रकाप्रमाणे. त्याआधी खालच्या आतड्यात औषध घालून एक्स-रे काढतात, रक्त आणि वजन पाहतात. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर ऑपरेशन पुढे ढकलले जाते आणि ती फेरी फुकट जाते. म्हणून महिनाभर आधीच जव्हारला रक्त तपासून घ्या आणि लोहाच्या गोळ्या सुरू करा. हे दुसरे ऑपरेशन लहान वाटले तरी त्यातही सांधा गळण्याचा किंवा आतडे अडण्याचा धोका असतो. नंतरच्या आठ-दहा दिवसांत ताप, पोट फुगणे, उलट्या झाल्या तर त्याच रुग्णालयात परत जा.

तारीख ठरवताना सर्जनला आपले शेतीचे आणि कामाचे वेळापत्रक मोकळेपणाने सांगा. कापणी संपल्यावर आणि भट्टीला निघण्याआधी, किंवा भट्टीवरून परतल्यावर आणि पहिल्या पावसाआधी, यातली एक खिडकी सापडते. भट्टीवर जाणे टळतच नसेल, तर मुकादमाकडून उचल घेण्याच्या आधी डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे टिपण आणि योजनेचे कार्ड यांचे फोटो फोनमध्ये घ्या, दोन महिन्यांच्या पिशव्या सोबत ठेवा आणि भट्टी जिथे असेल त्या तालुक्यातले योजनेचे रुग्णालय १५५३८८ वर विचारून घ्या. मुकादमाला ओझ्याचे काम जमणार नाही हे त्याच वेळी सांगा. उचल घेऊन झाल्यावर ते सांगणे फार अवघड जाते.